कलम बारा, राखीव

दिवाळीत खाणीवरचं काम सुटलं आणि पौषापर्यंत चांगदेवच्या हातांचे घट्टे मऊ पडले. चाळीस वर्षं छिन्नी धरलेला हात तो. तळव्याची कातडी कडेकडेनं सुटायला लागली. सकाळच्या उन्हाला तो ओट्यावर बसायचा आणि नखानं ती सालं काढत राहायचा. द्रौपदाला ते बघवत नसे. एकदा चुलीपुढून उठून तिनं पिठाच्या हातानंच त्याचा पंजा ओढला आणि आपल्या पदराखाली झाकून ठेवला.

खाणीवर दगड कापायचं मशीन आलं होतं. पाण्याच्या धारेखाली पातं फिरायचं आणि दगड पाव कापल्यासारखा सरळ सुटायचा. त्याला दोन माणसं पुरत. बाकीच्यांना मालकानं नारळ दिला.

घर त्यांचं कुकडी नदीच्या अलीकडच्या वस्तीवर. ओट्यावरून समोर लेण्याद्रीचा डोंगर दिसे आणि त्याच्या पोटातली लेण्यांची ओळ. ऐन उमेदीत चांगदेव तिथं पायऱ्यांच्या डागडुजीला गेला होता. तेव्हा एका सायबानं भिंतीवरची जुनी अक्षरं वाचून दाखवली होती. अमक्यानं दान दिलं, तमक्यानं टाकं दिलं. चांगदेवनं विचारलं होतं, दगड कोणी फोडला ते कुठं लिहिलंय? सायब म्हणाला, ते नाही लिहिलेलं. ही गोष्ट चांगदेवनं घरात इतक्यांदा सांगितली होती की ती निघाली की सून रत्ना हळूच हसून आत जाई. पण त्याला ती सांगावीच लागे. त्याचे स्वतःचे दगड जुन्नरात किती तरी ठिकाणी बसले होते. शाळेच्या जोत्याला, पुलाच्या कठड्याला, दोन देवळांच्या पायऱ्यांना. कागदावर प्रत्येक वेळी नाव दुसऱ्याचं होतं. एकदा तरी कागदावर चांगदेव भिमाजी डोळस असं लागावं, एवढंच त्याला हवं होतं. वय आता बासष्ट.

माघाच्या तोंडावर एका रविवारी मुलगा कपिल चाकणहून आला. तिथल्या गोदामात तो पाळीवर होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरच्या नोटिशीचा त्यानं मोबाईलवर फोटो काढून आणला होता. जुन्नरकडून लोणीपर्यंत जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या हद्दीला दगड पाहिजे होते. काळा पाषाण, अडीच फुटी, हातघडीचे, नग दोनशे चाळीस. ऑर्डर मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पोच करायचे.

"हातघडीचं?" चांगदेवनं विचारलं.

"व्हय."

"मशीनचं चालत न्हाई?"

"हातघडीचंच लिवलंय, बापू."

चांगदेवनं पंजा उघडून बघितला आणि परत मिटला.

पण पुढं अटींची रांग होती. तीन वर्षांची उलाढाल दाखवा, आधीच्या पुरवठ्याचे दाखले जोडा. कपिल एकेक वाचत गेला तसा त्याचा आवाज खाली आला. यातला एकही कागद त्या घरात नव्हता. असतील कसे? दगड गेले होते, कागद दुसऱ्याच्या घरी राहिले होते.

तरी कपिलनं सोडलं नाही. मोटरस्टँडजवळ ऋषीचं ई-सेवा केंद्र. तिथं जाऊन त्यानं खरेदीची सगळी नियमावली छापून आणली आणि दुपारी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला घेतली. द्रौपदा मेथी निवडत होती, रत्ना धान्य पाखडत होती. नियम कळत कोणालाच नव्हते, पण कीर्तनातल्या संस्कृतासारखे सगळे ऐकत होते.

"कलम दहा, निविदा सूचना. कलम अकरा, दरपत्रकं. कलम बारा, राखीव. कलम तेरा, अनामत..."

"थांब," द्रौपदा म्हणाली. "मागलं वाच."

"कलम बारा. राखीव."

"त्याच्या म्होरं?"

कपिलनं पान उन्हाकडं धरलं. "म्होरं कायच न्हाई. कंसात राखीव, आन खाली लगेच तेरा."

मेथीची जुडी द्रौपदाच्या हातात तशीच राहिली. रत्नाचं सूप थांबलं.

त्या घराला हा शब्द ओळखीचा होता. याच शब्दानं कपिलला आयटीआयला बसवलं होतं. द्रौपदाचा वार्ड राखीव झाला तेव्हा ती पाच वर्षं पंचायतीत मेंबर म्हणून बसून आली होती. चौथी शिकलेली बाई, पण सरकारी खुर्चीवर बसली होती. नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची, तिची पाठ अजून तिच्या पाठीला आठवत होती. राखीव म्हटलं की त्या घरात दार किलकिलं व्हायचं. आतून कोणी ओढून धरलं नाही तर माणूस आत जाऊ शकत होता.

रत्ना म्हणाली, "आत्या, पर मंग खाली कायतरी लिवलं असतं की."

द्रौपदानं समजावलं. सगळ्यांपुढं कशाला लिहितील? लिहिलं तर ज्याचं नाही तोही धावेल. दाखला घेऊन जायचं, मग आतलं सांगतात. तिच्या वार्डाचंही तसंच झालं होतं. दोन दिवस आधीपर्यंत कोणाला पत्ता नव्हता.

कपिल पोरगा सावध. तो परत ऋषीकडं गेला. ऋषी म्हणाला, राखीव म्हणजे राखीव, त्यात अजून काय लिहायचं? तेवढ्यावरही कपिलचं भागलं नाही. सोमवारी त्यानं नोटीस काढणाऱ्या जुन्नरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडं कोणी बाई होती, घाईत.

"मॅडम, खरेदीच्या नियमावलीतलं कलम बारा राखीव हाय ना?"

पानं चाळल्याचा आवाज आला. "हो. राखीव आहे."

"नक्की?"

"अहो, छापलंय तसं समोर. राखीवच आहे."

फोन स्पीकरवर होता. घरातल्या चौघांनी तो ऐकला. चांगदेव उठला आणि माळ्यावरचं छिन्न्यांचं पोतं खाली घेऊन आला.

पंधरा दिवसांत दोनशे चाळीस दगड घडत नसतात. ऑर्डर हातात पडायच्या आधीच ते तयार पाहिजेत, हे चांगदेवला सांगावं लागलं नाही. कपिलनं गोदामाची पाळी सोडली. त्यांच्या माळाच्या तुकड्यात काळ्या पाषाणाचे मोठमोठे धोंडे होते. वडिलांच्या काळापासून ते नांगराला आडवे येत आणि शिव्या खात. आता पहिल्यांदाच त्यांच्याकडं घरानं मायेनं बघितलं.

त्याच आठवड्यात राजुरीचा ठेकेदार सावळेराम मोटारसायकलवर आला. दोन जोत्यांचं काम होतं, उन्हाळाभर पुरेल एवढं. तो वाईट माणूस नव्हता. कामगारांना चहा विचारी, हिशेबाला गावभर फिरवत नसे. चांगदेवनं दगडावरून मान वर न करता त्याला सांगितलं की यंदा जमायचं नाही.

"का? दुसरीकडं लागलाय काय?"

"आवंदा आमचं राखीव हाय," चांगदेव म्हणाला.

हे वाक्य त्यानं असं उच्चारलं की कपिलनं घण खाली ठेवून बापाकडं बघितलं. सावळेराम हसला. "मंग काय राव, आता तुमच्याच दारात उभं राहायचं आमी," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

माघ गेला, फाल्गुन गेला. कपिल घणानं धोंडा फोडायचा. कुठं मारलं म्हणजे दगड सरळ उकलतो ते चांगदेव बोटानं दाखवायचा. दगडाला आपली रेघ असते, ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. मग तो मांडी घालून बसायचा, दगड पायांत धरायचा आणि छिन्नी लावायचा. निम्मा दगड जमिनीत जाणार, तो ओबडधोबडच ठेवायचा. वरचा निम्मा चारी बाजूंनी घडवायचा, कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघायचा. समोरच्या बाजूला वीतभर चौकट गुळगुळीत करायची. तिथं नंबर टाकणार होते.

पहिले आठ दिवस हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मग घट्टे आले. त्यानं ते द्रौपदाला दाखवले. बाळाला पहिला दात आल्यासारखी तिनं त्यावरून बोटं फिरवली.

द्रौपदा भात्यावर. बोथट छिन्न्या विस्तवात लाल व्हायच्या, चांगदेव ठोकून टोक काढायचा आणि त्या पाण्यात बुडवायचा. फुस्स आवाज व्हायचा आणि वाफेत तिचा चेहरा दिसेनासा होई. रत्ना घागरी आणायची आणि उडालेल्या कपच्या पाटीत भरून रस्त्याच्या खड्ड्यात टाकायची. एक कपची चांगदेवच्या डाव्या डोळ्याखाली बसली. रत्नानं ती पदराच्या टोकानं काढली आणि दुसऱ्या दिवशी कपिलचा जुना गॉगल सासऱ्याच्या डोळ्यांवर चढवला. येणारेजाणारे म्हणायचे, पावणं लई रुबाबात हाय.

भाता ओढताना द्रौपदा गायची. जात्यावरचाच गळा, पण शब्द तिचे तिनं जुळवलेले.

पहिली माझी ओवी, काळ्या दगडाच्या कानी
आत निजलेलं रूप, जागं करी माझा धनी

चांगदेव ऐकत नसल्यासारखं करी. पण ओवीच्या शेवटच्या शब्दावर त्याचा हातोडा नेमका पडे.

चैत्रात दोनशे चाळीस दगड माळावर रांगेनं उभे राहिले. संध्याकाळी त्यांच्या सावल्या लांब पडल्या म्हणजे वाटे, कोणत्या तरी सभेला माणसं जमलीत आणि बोलायची वाट बघतायत.

नोटिशीतल्या शेवटच्या तारखेला तिघं जुन्नरला गेले. चांगदेवनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. द्रौपदाच्या पिशवीत जातीचे दाखले, आधार कार्डं, तिचं मेंबरपणाचं जुनं ओळखपत्र, नियमावली. आणि नमुन्याला एक दगड. नमुना दाखवल्याशिवाय कोण भरवसा ठेवणार, असं चांगदेवचं म्हणणं. टोमॅटो घेऊन निघालेल्या टेंपोत तो दगड पोत्यात गुंडाळून ठेवला. उतरल्यावर बाप-लेकांनी दोन्हीकडून धरून ऑफिसच्या पायऱ्या चढवला. दाराशी शिपायानं अडवलं. दगड आत न्यायचा नाही, फरशी खराब होते. मग तो उंबऱ्याबाहेर उभा करून तिघं आत गेले.

टेबलापाशी तरुण बाई होती. वृषाली असं तिच्या पाटीवर लिहिलेलं. ती चांगली बोलली. पाणी विचारलं, द्रौपदाला खुर्ची दिली.

"निविदा भरलीत का, काका?"

"न्हाई. आमचं बाराखाली हाय."

"बाराखाली?"

कपिलनं नियमावली उघडून ठेवली. कलम बाराखाली ऋषीच्या केंद्रातल्या लाल पेनानं दोन रेघा मारलेल्या होत्या. वृषालीनं वाचलं. तिच्या तोंडावर आधी हसू आलं. मग तिनं समोरच्या तिघांकडं बघितलं. धुतलेलं धोतर बघितलं, पिशवीतून अर्धे बाहेर आलेले दाखले बघितले, आणि हसू जागच्या जागी विरलं.

"दोन महिन्यांपूर्वी फोन तुम्हीच केला होतात?"

"व्हय, मॅडम," कपिल म्हणाला. "तुमीच म्हणला, राखीव हाय."

तिनं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"कसं सांगू. अशा पुस्तकांत कलमांना नंबर असतात ना. एखादं कलम काढून टाकलं, किंवा पुढं कधी काही घालायचं असलं, तर तेवढी जागा मोकळी ठेवतात. तिथं राखीव असं छापतात. म्हणजे पुढचे आकडे हलत नाहीत. तेरा तेराच राहतो."

तिघं ऐकत होते.

"म्हंजी कुणासाठी राखीव?" द्रौपदानं विचारलं.

"कोणासाठी नाही, मावशी. नंबरासाठी."

"पर आत काय हाय?" हे चांगदेव बोलला.

"आत काही नाही, काका. ते कोरंच आहे."

पंखा फिरत होता. पानाचा कोपरा उचलला जाई, खाली पडे. चांगदेवचा उजवा हात मांडीवर होता. मूठ हातोडा धरल्यासारखी वळलेली, आणि ती हळूहळू, एका लयीत मांडीवर पडू लागली. द्रौपदानं बघितलं. त्याचं त्याला कळत नव्हतं.

वृषाली घाईघाईनं बोलत राहिली. खरेदीत अनुसूचित जातीच्या छोट्या उद्योगांना हिस्सा असतो, अगदी खरा असतो, पण तो नियम दुसऱ्या पुस्तकात. त्याला उद्योगाची नोंदणी आधी करावी लागते. तुमची आहे का? कपिलनं मान हलवली. असली नोंदणी असते हेच त्यानं आत्ता ऐकलं होतं. पुढच्या वेळी करून ठेवा, मी फॉर्म देते, ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली की फोनवर मी विचारायला हवं होतं, तुम्ही का विचारताय. तिचे डोळे भरले होते. त्यामुळं आणखीच अवघड झालं. कोणावर रागावायचं तेही राहिलं नाही.

बाहेर आले तेव्हा वारं सुटलं होतं. ऑफिसचं दार आपटत होतं म्हणून शिपायानं त्यांचा दगड दाराला लावला होता.

"बरा हाय," शिपाई म्हणाला. "जागचा हालत न्हाई."

कपिल दगडाकडं वाकला. चांगदेव थांबला नाही. पायऱ्या उतरून तो सरळ चालत राहिला, मोटरस्टँडच्या उलट्या दिशेला. त्याला वळवून आणेपर्यंत दगडाची आठवण कोणालाच राहिली नाही.

एसटीत तिघांना एकाच बाकड्यावर जागा मिळाली. समोरच्या सीटच्या वर लिहिलेलं होतं, महिलांसाठी राखीव. कपिलनं मान खिडकीकडं वळवली.

रत्ना दारात उभी होती. तिनं नवऱ्याचं तोंड बघून विचारलं, काय झालं. कपिल म्हणाला, "कायच न्हाई." तिला वाटलं, वाईट काही झालं नाही. तिनं चहा टाकला, वर दोन वेलदोडे टाकले. चहा समोर आल्यावर त्यानं पुन्हा सांगितलं, "कलमात कायच न्हाई, रत्ना. नंबर हालू नये म्हणून लिवत्यात." रत्नाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती पाटीजवळ जाऊन बसली, आदल्या दिवशीच्या कपच्यांत हात घालून.

चांगदेव जेवला. सांगितलं तेव्हा उठला, सांगितलं तेव्हा झोपला. सकाळी उठून माळावर गेला आणि सवयीनं एक धोंडा पायांत धरून बसला. पहिलाच घाव अंगठ्यावर पडला. नख काळं झालं. रत्नानं पाण्याची धार धरली तर तो अंगठ्याकडं दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बघत राहिला.

"आकडं हालू नयेत म्हणून," तो म्हणाला.

दिवसातून दोनतीनदा तो एवढंच म्हणे. कोणाला उद्देशून नाही. दगडांच्या रांगेतून हिंडे, एखाद्या चौकटीवर तळवा ठेवी. दोनशेच्या वर चौकटी, सगळ्या गुळगुळीत, सगळ्या कोऱ्या. गावात बातमी पसरलीच. शेजारच्या सोनीबाईनं हळहळ केली. पारावर कोणी तरी म्हणालं, डोळसाचं राखीव कुरण झालं, येऊन चारा रे गुरं. हसलेही चार जण. ते घरापर्यंत आलं, पण घरात त्याचा टोचा लागायला जागाच उरली नव्हती.

द्रौपदाचं वेगळंच चाललं होतं. ती भाकरी थापताना मध्येच थांबे. तव्यावर धूर निघे. एका सकाळी तिनं भाता ओढायला घेतला, छिन्न्या नव्हत्या तरीही, आणि सुरुवात केली, दुसरी माझी ओवी... पुढं काही आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, दुसरी माझी ओवी. विस्तव नुसता फुलत राहिला.

मग तिनं रत्नाला विचारलं, "माझी पाच वर्सं पंचायतीत गेली. आठवतं तुला?"

"मी नवीन व्हते तवा. आठवतं की."

"ग्रामशेवक वही पुढं सरकवायचा. वरचं पान कोरं. म्हणायचा, ताई, तुमी खाली सही करा, वरचं मी लिवतो." तिनं बोट चुलीच्या राखेत फिरवलं. "दर म्हयन्याला. पाच वर्सं. मला वाटायचं, हितं आपली जागा राखीव हाय."

रत्नानं हातातली घागर खाली ठेवली.

"तिथं बी नंबरच व्हता का गं माझा?"

सासू रडत असती तर रत्नानं पाठीवरून हात फिरवला असता. पण द्रौपदा रडत नव्हती. तिचे डोळे मोठे झालेले होते. अंगणात पाऊल टाकावं आणि तिथं विहीर असावी, तसे.

दहाव्या दिवशी सावळेराम आला. या वेळी ट्रॅक्टर, मागं रिकामी ट्रॉली, दोन गडी. उतरल्यावर त्यानं दगडांच्या रांगेवरून नजर फिरवली, एकाच्या कोपऱ्यावर अंगठा घासला, तोंडानं च् च् केलं. त्यात कौतुक होतं.

ऑर्डर त्याला लागली होती. पंधरा दिवसांतले आठ संपले होते. मशीनचे दगड घेऊन तो गेला होता, ते परत पाठवले. हातघडीचे पाहिजेत. दोन तालुके हिंडला, एवढे दगड कोणाकडंच नाहीत.

"चांगदेवभाऊ, तुमच्या कामाचा योग्य भाव दिईन," तो म्हणाला. "मी काय तुमचं हिसकावलं न्हाई. मला ठावं बी नव्हतं तुमी ह्याच्यासाठी घडवत हायत."

ते खरं होतं. चांगदेवनं त्याच्याकडं बघितलं आणि हात हलवला. न्या. दोनशे चाळीस दगड पुन्हा एकदा दुसऱ्याच्या नावानं जाणार होते, आणि त्याला त्यात नवल वाटलं नाही. नवल सगळं ऑफिसातच संपलं होतं.

गडी दगड ट्रॉलीत चढवू लागले. कपिल मोजत होता. शेवटचा चढला तेव्हा तो म्हणाला, दोनशे एकोणचाळीस.

सावळेराम दचकला. "एक कमी? एक बी कमी चालत न्हाई राव त्यांना."

"कमी न्हाई," द्रौपदा ओट्यावरून म्हणाली. "एक आदीच पोच झालाय. त्यांच्याच दाराला लावलाय. जाताना मोजून घ्या."

गडी हसले. सावळेरामही हसला. मग त्यानं पिशवीतून एक कोरा कागद आणि पेन काढलं. दगड कोणी घडवले, कुठून आले, याचा कागद ऑफिसच्या फाईलला लावावा लागत होता. हातघडीचे आहेत याचा पुरावा म्हणून. चांगदेवचा अंगठा अजून सुजलेला, म्हणून त्यानं कागद द्रौपदापुढं केला.

"मेंबरीणबाई, तुमी खाली सही करा. वरचं मी निवांत लिवतो."

द्रौपदाचा हात पेनाशी गेला आणि थांबला. ट्रॅक्टर धडधडत होता. रत्ना चुलीपासून उठून दारात आली.

"काय झालं?" सावळेराम म्हणाला. "तुमास्नी सवय असंल की सहीची."

"व्हय. लई सवय हाय," द्रौपदा म्हणाली.

तिनं परात उपडी केली, कागद तिच्यावर ठेवला आणि पेन मुठीत धरलं. कागदाच्या अगदी वरच्या काठापासून तिनं सुरुवात केली. चौथीतली अक्षरं, एकेक अक्षर बोराएवढं. मधे मधे ती अक्षर ओठांवर आणून बघे आणि मग खाली ठेवी. चांगदेव भिमाजी डोळस यांनी हे दगड घडवले. कपिल चांगदेव डोळस याने फोडले. रत्ना कपिल डोळस हिने पाणी दिले. द्रौपदा चांगदेव डोळस हिने भाता ओढला. छिन्न्या घरच्या. धोंडे आमच्या माळाचे. दगड दोनशे चाळीस आहेत, त्यातला एक ऑफिसच्या दाराला आहे.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. चांगदेव रिकाम्या माळावरून उठून केव्हा ओट्याशी आला ते कळलं नाही. तो वाकून त्या अक्षरांकडं बघत होता. पहिल्या ओळीवर त्यानं सुजलेला अंगठा ठेवला, कोपऱ्याला गुण्या लावून बघावा तसा, आणि तिथंच धरून राहिला.

द्रौपदानं सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात सही केली. कडेला बोटभरही जागा राहिली नाही. मग कागद सावळेरामपुढं धरला.

त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. असे दगड आणि घडवणाऱ्यांची सही त्याला दुसरीकडं कुठं मिळणार नव्हती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्यानं टोपी मागं सारून कपाळ पुसलं.

"वहिनी, घेणाऱ्याची बी सही लागतीय. मी कुठं करू आता?"

द्रौपदानं कागद उलटा केला. मागची बाजू पांढरीधोप होती.

"हितं करा," ती म्हणाली. "ही बाजू राखीव हाय."